झाकलेली बाटली आणि उघडं नाक: ब्लाइंड वाइन डिनरला पहिल्यांदा जाताना

‘शनिवारी साडेसात. सहा वाइन, सगळ्या कागदात गुंडाळलेल्या. जेवण नंतर. सेंट-अत्तर लावून येऊ नये.’ असा निरोप आला की नवखा माणूस पहिल्यांदा विचारतो, डोळ्यांना पट्टी बांधतात का? नाही. पट्टी बाटलीला असते. आपल्याला ग्लास दिसतो, वाइन दिसते. नाव, गाव, वर्ष आणि किंमत दिसत नाही. दुसरा प्रश्न तो विचारत नाही, पण मनात असतो: मला काहीच ओळखता आलं नाही तर?

येणार नाहीच बहुतेक. मला सात-आठ वर्षांनंतरही सहापैकी दोन बरोबर आल्या तर ती रात्र चांगली गेली असं मी धरतो. नाव ओळखणं हा या संध्याकाळचा छोटा भाग आहे. ग्लासात काय आहे हे नीट पाहून आपल्या शब्दांत मांडता आलं की जाण्याचं सार्थक झालं. आणि या कामासाठी मराठी घरात वाढलेल्या माणसाकडे जितकी शिदोरी असते तितकी त्याला स्वतःलाही ठाऊक नसते.

निमंत्रण आल्यावर

आधी यजमानाला चार गोष्टी विचारून घ्या. पहिली, विषय सांगणार आहात का? ‘सगळ्या शिराझ या द्राक्षाच्या आहेत’ किंवा ‘सगळ्या नाशिकच्या आहेत’ एवढं सांगून बाकीचं झाकलं तर तो सिंगल ब्लाइंड. काहीच सांगितलं नाही तर डबल ब्लाइंड. पहिल्या खेपेला सिंगल मिळाला तर नशीब समजा, कारण तुलना करायला आधार असतो. दुसरी, वाइन जेवणाआधी की जेवणाबरोबर? तिसरी, बाटली आणायची आहे का? चौथी, थुंकायला भांडं ठेवणार का? हे विचारायला लाजू नका. वाइनवाल्यांच्या जगात पिकदाणी ही सभ्य वस्तू आहे.

हिशोब करून बघा. चाखायला साधारण ५० मिली ओततात. ७५० मिलीच्या बाटलीत असे १५ वाटे होतात, म्हणजे आठ माणसांना ओतून ३५० मिली जेवणासाठी उरते. पण सहा वाइन प्रत्येकी ५० मिली म्हणजे ३०० मिली, जवळजवळ अर्धी बाटली, तीसुद्धा पहिला घास तोंडात पडायच्या आधी. सगळं गिळलंत तर पाचव्या ग्लासाला तुमची जीभ साक्ष देण्याच्या अवस्थेत नसेल.

बाटली तुम्हाला न्यायची असेल तर

इथे हौशी माणसं चुकतात. कोणालाच ओळखता येणार नाही अशी विचित्र बाटली शोधून आणतात. तो विनोद दोन मिनिटं टिकतो. त्यापेक्षा आपल्या द्राक्षाचा स्वभाव स्पष्ट दाखवणारी वाइन न्या: मिरीचा वास मारणारी शिराझ, हिरवट सोव्हिन्यॉं ब्लां, मधाळ शेना ब्लां. महाराष्ट्रात राहणाऱ्याला यासाठी लांब जावं लागत नाही. नाशिकच्या आसपास सुला, यॉर्क, सोमा, व्हॅलोन, ग्रोव्हर झाम्पा या वायनरी आहेत, सोलापूर जिल्ह्यात अकलूजकडे फ्रातेली आहे.

गुंडाळताना मानेपासून झाका. वरचं प्लॅस्टिक किंवा पत्र्याचं आवरण पूर्ण काढून टाका, कारण त्यावर नाव असतं. बूच खिशात टाका, तेही बोलकं असतं. फिरकीचं झाकण असेल तर ते घरीच बदलून साधं बूच लावा. वर्तमानपत्राचे दोन थर आणि तीन रबरबँड पुरतात. एकाने गुंडाळायच्या, दुसऱ्याने त्या बघितल्या नसताना आकडे घालायचे, म्हणजे यजमानालाही खेळता येतं.

कागद असला तरी आकार लपत नाही. ताठ खांद्यांची बाटली फ्रान्समधल्या बोर्डोच्या घराण्यातली, उतरत्या खांद्यांची तिथल्याच बरगंडीची, उंच सडपातळ असेल तर आल्सास किंवा जर्मनीकडची. एकदा मी असाच शहाणपणा केला. कागदातून उंच मान दिसली, मी वास घेण्याआधीच ‘रीसलिंग’ (जर्मनीकडचं पांढरं द्राक्ष) लिहून मोकळा झालो आणि मग वासात रीसलिंग शोधत बसलो. सापडलीसुद्धा! रॉकेलसारखा वास, लिंबू, सगळं कागदावर उतरलं. यजमानाने रिकामी उंच बाटली धुऊन तिच्यात नाशिकची शेना ब्लां भरून ठेवली होती. तेव्हापासून मी बाटलीकडे पाठ करून बसतो.

त्या दिवशी

अत्तर, सेंट, सुगंधी तेल, आफ्टरशेव्ह बंद. मोगऱ्याचा गजरासुद्धा नको. हे सांगायला जिवावर येतं, पण एक गजरा अख्ख्या टेबलाच्या सहाही वाइनमध्ये मोगरा घालतो. हाताला सुगंधी सॅनिटायझर नको. पान, सुपारी, बडीशेप, पुदिन्याच्या गोळ्या दुपारनंतर टाळा. दात घासायचे तर तासभर आधी; टूथपेस्टनंतर कुठलीही वाइन आंबट आणि कडवट लागते. सर्दी असेल तर यजमानाला आधीच कळवा आणि नुसते जेवायला जा.

रिकाम्या पोटी जाऊ नये. पाचच्या सुमारास वरणभात किंवा दहीभात उत्तम. लसणीची चटणी आणि मिसळ दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवा. पाणी भरपूर प्या. पांढरा झब्बा घालू नका, शेजारचा माणूस ग्लास गरगर फिरवणार आहे.

आणि गाडी नेऊ नका. मोटार वाहन कायद्याप्रमाणे १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल गेलं की गुन्हा होतो, आणि वर मोजलेले ३०० मिली तिथपर्यंत सहज पोचवतात. येताना-जाताना रिक्षा किंवा टॅक्सी.

टेबलावर बसल्यावर

समोर सहा ग्लास असतील, डावीकडून उजवीकडे आकडे असतील. बहुतेक घरांत आठ माणसांना अठ्ठेचाळीस ग्लास नसतात, तेव्हा दोन-दोनच मिळतील. अशा वेळी ग्लास पाण्याने धुऊ नका. पुढच्या वाइनचा चमचाभर घालून विसळा आणि ओतून द्या. साबणाचा वास मात्र आधीच तपासा; रिकामा ग्लास हुंगण्यात कमीपणा नाही.

पहिली पाच-सात मिनिटं तोंड बंद ठेवा. ही एकच शिस्त मी नवख्यांना हात जोडून सांगतो. कोणी मोठ्याने ‘स्ट्रॉबेरी!’ म्हटलं की टेबलावरच्या सगळ्या नाकांना स्ट्रॉबेरी येऊ लागते. आधी लिहा, मग बोला.

पाहणं. ग्लास पांढऱ्या कागदावर तिरका धरा, कडेचा रंग बघा. पांढरी वाइन वय वाढेल तशी गडद होते, फिक्या पोपटीवरून सोनेरी, मग मधासारखी. लाल वाइन उलट फिकट होत जाते आणि तिच्या कडेला विटकरी छटा येते. ग्लासाच्या आत ओघळ उतरतात त्यांचं फार कौतुक करतात. ते मुख्यतः अल्कोहोल सांगतात, दर्जा नव्हे. रंगावर अर्धं मिनिट पुरे, कारण रंग फसवतो. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बोर्डोमधल्या वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना पांढरी वाइन बिनवासाच्या लाल रंगात रंगवून दिली, आणि त्यांनी तिचं वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केलं. शिकलेली पोरं होती ती.

हुंगणं. सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. आधी ग्लास न हलवता एकदा हुंगा, मग तो टेबलावरच ठेवून दांडी धरून गोल फिरवा आणि परत हुंगा. लांब श्वास नको, छोटे-छोटे दोन-तीन. नाक थकलं की स्वतःच्या बाहीचा किंवा मनगटाचा वास घ्या. सवयीच्या वासाने नाक जागेवर येतं.

आता शब्द. छापील तक्त्यांवर ब्लॅककरंट, गूजबेरी, सीडर असे शब्द असतात. ज्याने आयुष्यात गूजबेरी पाहिली नाही त्याने ती ग्लासात का शोधावी? तुमच्याकडे करवंद आहे, जांभूळ आहे, बोर, आवळा, कैरी, पिकलेला पेरू, आमसूल, जायफळ, ओली माती, गवती चहा, तूप कढवताना येणारा वास आहे. मी बरीच वर्षं पुस्तकी शब्द लिहीत होतो. एकदा घरी सराव चालला असताना आत्या स्वयंपाकघरातून आली. ती घेत नाही. तिने ग्लास नुसता नाकाजवळ नेला आणि म्हणाली, ‘अरे, ही तर सिमला मिरची चिरल्यासारखी.’ ती कॅबरने सोव्हिन्यॉं होती, आणि मी तासभर तिच्यात ‘फॉरेस्ट फ्लोअर’, म्हणजे रानातल्या पालापाचोळ्याचा वास, शोधत होतो.

आत्या किती अचूक होती ते सांगतो. सिमला मिरचीला तिचा वास देणारी पायराझिन नावाची द्रव्यं या द्राक्षात खरोखर असतात. ती सोव्हिन्यॉं ब्लांमध्येही असतात, कारण दोन्ही एकाच घरातल्या. कॅबरने सोव्हिन्यॉं ही कॅबरने फ्रां आणि सोव्हिन्यॉं ब्लां यांची लेक, हे १९९७ मध्ये कॅलिफोर्नियात डीएनए तपासून सिद्ध झालं. शिराझमधल्या काळ्या मिरीचंही तसंच. रोटंडोन नावाचं द्रव्य मिरीतही असतं आणि त्या द्राक्षातही. गंमत म्हणजे साधारण पाचातल्या एकाला ते वासात कळतच नाही. तेव्हा शेजारी ‘मिरी, मिरी’ म्हणून नाचत असेल आणि तुम्हाला काहीच येत नसेल, तर वाद घालू नका. दोघंही खरं बोलत असाल.

लिची आणि गुलाब एकत्र आले तर गेवुर्त्झट्रामिनर हे द्राक्ष मनात आणा. लोणी आलं तर वाइनमधल्या मॅलिक आम्लाचं मवाळ लॅक्टिक आम्लात रूपांतर झालं असण्याची शक्यता, म्हणजे बऱ्याचदा शार्डने. व्हॅनिला, लवंग, खोबरं हे बहुधा द्राक्षाचे वास नसतात, ओकच्या पिंपाचे असतात. ओल्या पुठ्ठ्याचा, बुरसट वास आला तर ते बुचातून आलेलं दूषण असू शकतं. ते टेबलावर ओरडून सांगू नका, यजमानाच्या कानात सांगा.

घोट, आणि तुरटचं महत्त्व

चमचाभर तोंडात घ्या, चूळ भरल्यासारखी सगळीकडे फिरवा, ओठ किंचित उघडून थोडी हवा आत ओढा. आवाज होतो. होऊ द्या.

इथे मराठीचा फायदा सरळ हातात येतो. इंग्रजीत वाइन शिकणारा माणूस टॅनिन आणि कडू यांत महिनोन्महिने गोंधळतो. आपल्याकडे टॅनिनच्या चवीला लहानपणापासून नाव आहे: तुरट. कच्चं केळं, सुपारी, जांभळं खाल्ल्यावर जिभेला जे होतं ते. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरून ठेवतं, म्हणून तोंड कोरडं पडतं. आंबटाचं उलट, कैरीची फोड नुसती आठवली तरी तोंडाला पाणी सुटतं. म्हणून घोट थुंकल्यावर किंवा गिळल्यावर दहा सेकंद थांबा आणि स्वतःला विचारा: पाणी सुटतंय की कोरड पडतेय? पाणी सुटलं तर आम्लता जास्त, कोरड पडली तर टॅनिन जास्त. कधी दोन्ही एकदम होतं. कारल्यासारखं काही मागे राहिलं तर ते कडू, ते वेगळ्या रकान्यात.

गोडीबाबत नवखे हमखास फसतात. पिकल्या फळाचा वास आला की वाइन गोड आहे असं वाटतं. शंका आली तर नाक चिमटीत धरून एक घोट घ्या. वास बंद, फक्त जीभ उरते. आता गोड लागतेय का बघा. बऱ्याचदा ती ठणठणीत कोरडी, म्हणजे गोडी नसलेली, निघते.

अल्कोहोल घशाखाली ऊब म्हणून कळतं. अंग म्हणजे तोंडातलं वजन: सारासारखी पातळ की घट्ट आमटीसारखी. आणि शेवटी चव किती वेळ रेंगाळते ते मनातल्या मनात मोजा.

तर्क कसा बांधायचा

एकदम ‘ही अमुक’ असं म्हणू नका. वगळत जा. आम्लता चढी, फळ हिरवट, ऊब कमी असेल तर थंड प्रदेश. फळ जॅमसारखं पिकलेलं, ऊब जास्त असेल तर उष्ण प्रदेश. मग ओक आहे की नाही, वय किती. फिकट रंग आणि तुरटपणा कमी असेल तर पिनो न्वार. पण फिकट असूनही दातांवरची लाळ ओढून घेणारी तुरट असेल तर इटलीतली नेब्बियोलो. या सापळ्यात भलेभले पडतात.

शेवटचा निकष व्यवहाराचा. पुण्या-नाशिकच्या टेबलावर काय येऊ शकतं याची यादी छोटी असते. आपल्याकडे द्राक्षं फ्रान्ससारखी सप्टेंबरात नाही, जानेवारी ते मार्चच्या दरम्यान तोडतात. वेलींची छाटणी वर्षातून दोनदा होते. पिकलेलं फळ, मसाल्याची झाक आणि शिराझ म्हटल्यावर नाशिककडच्या दिंडोरीचा विचार ऑस्ट्रेलियाआधी करायला हरकत नाही.

तरी चुकाल. ज्यांचा हा धंदा आहे त्यांचंही होतं. कॅलिफोर्नियातल्या एका स्पर्धेत स्वतः वाइन बनवणाऱ्या रॉबर्ट हॉजसन यांनी परीक्षकांना एकच वाइन त्यांच्या नकळत तीनदा दिली. जवळजवळ सारखे गुण देणारे परीक्षक दहातला एक निघाले. यजमान खट्याळ असेल तर तोही दोन ग्लासांत एकच वाइन ओततो. तेव्हा ३ आणि ५ सारखे वाटले तर तसं लिहायचं धाडस करा.

जेवण आलं की सगळं बदलतं

म्हणून पहिली टिपणं जेवणाआधीच पुरी करा आणि प्रत्येक ग्लासात दोन घोट राखून ठेवा. मिठाने लाल वाइनचा तुरटपणा मवाळ होतो. खारे दाणे मध्येच खाल्लेत तर सामान्य वाइन चांगली वाटेल, म्हणून चाखण्याच्या वेळी फक्त साधा पाव आणि पाणी. तिखट आणि टॅनिन एकत्र आले की आग वाढते. झणझणीत खिम्याबरोबर तुरट कॅबरने अंगावर येते, किंचित गोडसर शेना सांभाळून घेते. मशरूमने टॅनिन रखरखीत वाटतं. सोलकढीनंतर पांढरी वाइन आंबटपणा हरवून मिळमिळीत होते. आणि श्रीखंडाच्या वाटीनंतर कोरडी वाइन इतकी आंबट लागते की बिचारीची कीव येते. जेवणात तुमची पहिली पसंती बदलली तर तेही लिहा. माझी जवळजवळ दर वेळी बदलते.

बोलणं आणि उलगडा

आता तोंड उघडा. पण ‘भिकार’ म्हणू नका, बाटली आणणारा शेजारीच बसलेला असतो. आपली बाटली ओळखली तर चेहरा कोरा ठेवा.

अनुभवी आणि नवखे एकत्र असतील तर ऑप्शन्सचा खेळ सुचवा. ऑस्ट्रेलियाचे वाइनतज्ज्ञ लेन इव्हान्स यांनी तो रुळवला. यजमान एकेका वाइनबद्दल पर्याय देत जातो: भारतातली की बाहेरची? शिराझ, कॅबरने की टेम्प्रानियो? पाच वर्षांच्या आतली की जुनी? प्रत्येक बरोबर उत्तराला गुण. नवखासुद्धा अंदाजाने जिंकू शकतो आणि टेबलावर एकच माणूस प्रवचन देत बसत नाही.

उलगडा करताना प्रत्येकाची पसंती आधी जाहीर होऊ द्या, कागद मग फाडा. १९७६ च्या २४ मे रोजी पॅरिसमध्ये इंग्रज वाइनविक्रेते स्टीव्हन स्परियर यांनी हेच केलं. फ्रेंच परीक्षकांपुढे फ्रेंच आणि कॅलिफोर्नियन वाइन झाकून ठेवल्या, आणि पांढऱ्यात शातो मॉंटेलेना, लालमध्ये स्टॅग्ज लीप, दोन्हीकडे १९७३ सालची कॅलिफोर्नियन वाइन पहिली आली. आपल्या टेबलावर आठशेची बाटली चार हजारांच्या बाटलीवर मात करते तेव्हा त्याच जातीची मजा येते. उत्तर कळल्यावर आपलं टिपण खोडू नका. चुकीच्या नावाखाली ‘करवंद, मिरी, तोंड कोरडं’ असं बरोबर लिहिलेलं असतं, आणि पुढच्या वेळी तेच कामाला येतं.

ग्लास धुवायला मदत करा. उरलेल्या बाटल्यांना बूच लावून फ्रिजमध्ये ठेवल्या तर दोन-तीन दिवस बऱ्या राहतात.

पुढच्या निमंत्रणाआधी घरी एक सराव करता येतो. शिराझ आणि कॅबरनेची एकेक ३७५ मिलीची छोटी बाटली आणा. घरच्या कोणालातरी तीन ग्लास भरायला सांगा, दोनात एक वाइन, तिसऱ्यात दुसरी. तुम्ही त्या वेळी बाहेरच्या खोलीत. परत येऊन वेगळा ग्लास कोणता ते फक्त नाकाने सांगायचं, नंतर जिभेने. मग ग्लासांच्या जागा बदलून पुन्हा. आमच्याकडे भरण्याचं काम आत्या करते, आणि ती दर वेळी आधी स्वतः हुंगून घेते.